दोन रकान्यांतली जयलक्ष्मी

१८ जानेवारी १९६८, तंजावूर

पोंगलची सुट्टी संपली आणि आज टपालात तो लांबडा खाकी लिफाफा आला. मी स्टेशनजवळच्या वर्कशॉपमध्ये भाताच्या गिरणीचा शाफ्ट लेथवर चढवून उभा होतो. जया कनकाचा हात धरून स्टेशनपर्यंतचा सगळा रस्ता धावत आली आणि दारातूनच ओरडली, "मामा, कॅनडाचं आलं!" मालकांनी लेथ बंद करायला लावला आणि म्हणाले, जा, आज तुझ्या हातून काम होणार नाही. खरंच झालं नसतं.

ही वही आजपासून लिहायची ठरवली आहे. वडिलांनी छडी घेऊन मला देवनागरी शिकवली. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी तीस घरं आहेत, पण ही अक्षरं वाचणारा आता मी एकटाच उरलो. जया तमिळ झरझर वाचते, हे वाचत नाही. म्हणजे वही उघडी पडली तरी कुलूपबंदच. मला मनातलं कुणाजवळ बोलायची सवय नाही, त्यामुळे ही सोय बरी.

आता मुद्द्याचं. कनका माझी एकुलती एक मुलगी. येत्या जुलैत सहा पुरी होतील. तिला ऐकू येत नाही. थोडंही नाही. तिच्या मागे मी पितळी परात आपटून पाहिली आहे, पंचवीस वेळा तरी. डॉक्टर म्हणाले, सहाच्या आत शिकवायला सुरुवात झाली तर बोलेल, नंतर कठीण. मद्रासच्या शाळेत दोन वर्षं नाव घालून ठेवलंय, जागा नाही. माझ्याबरोबर काम करणारा गुरुमूर्ती तीन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. तो लिहितो की त्याच्या गावात अशा मुलांची सरकारी शाळा आहे. कानाला यंत्र लावतात, ओठ वाचायला शिकवतात, आणि मुलं बोलतात. पण कायमचा रहिवासी असेल त्याच्याच मुलांना घेतात. म्हणून मला कॅनडाचा कायमचा रहिवासी व्हायचं आहे. बर्फाची मला हौस नाही.

तिकडे आता नवा नियम आहे. शंभरात पन्नास गुण पडले की घेतात. वय, शाळा, इंग्रजी आणि हातातली कला. पहिल्या तिन्हींत मी जेमतेम, पण चौथ्यात मला कुणी हरवून दाखवावं.


२४ जानेवारी

चार दिवस फॉर्म भरतोय. आधी पेन्सिलीनं, मग टायपिस्टकडून. हजारांश इंचाच्या मापात काम करणाऱ्या माणसाला अदमासे भरलेला कागद सहन होत नाही. 'जवळचे नातेवाईक' या पानावर भावंडं आणि त्यांची मुलं लिहायची आहेत. मी लिहिलं: बहीण, भामा, पापनाशम, विधवा. तिची मुलगी, जयलक्ष्मी. मग 'पत्नी' या रकान्यात: जयलक्ष्मी, भामा आणि कै. वेंकटराव यांची कन्या. एकही घर रिकामं नाही. टायपिस्ट म्हणाला, सार, असा पूर्ण फॉर्म मी जन्मात पाहिला नाही.

गावात हिंदीविरोधाचं वारं पुन्हा उठलं आहे. पोरांनी स्टेशनच्या पाटीवरच्या हिंदी अक्षरांवर डांबर फासलं. माझी अक्षरं तीच, मग ही हिंदी नव्हे हे कुणाला पटवत बसू? वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे.


३ फेब्रुवारी

फॉर्मबरोबर लावायला इथल्या डॉक्टरांचा कागद आणायला गेलो. त्यांनी कनकाच्या कानात दिवा घालून पाहिलं, जिभेखाली पाहिलं, आणि मग मला विचारलं, बायको नात्यातली का? मी म्हटलं, हो, बहिणीची मुलगी, आमच्यात पहिला हक्क मामाचाच असतो. ते हं म्हणाले आणि लिहीत राहिले. मागच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. या लोकांना सोयरिकी जुळवायच्या असतात की काय, कळत नाही.

घरी आल्यावर जयावर ओरडलो. ती आणि कनका दिवसभर हातांनी चाळे करतात. बोटं नाचवायची, गालाला लावायची, हवेत गोल काढायचे आणि मग दोघी खदखदून हसतात. गुरुमूर्तीनं स्पष्ट लिहिलं आहे की हातवाऱ्यांची सवय लागली की मूल जीभ हलवत नाही. मी कनकाचे दोन्ही हात धरून ठेवले आणि म्हटलं, अप्पा म्हण. अप्पा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

जया म्हणाली, "मामा, उग्गी कां धरतां तिचे हात? ती तुम्हांला कायतरी सांगत होती."

"सांगायचं तर तोंडानं सांगू दे."

"तोंडानं केम्मा यायचं तें येईल. तेम्मापर्यंत काय करायचं तिनं?"

उत्तर कॅनडातच आहे.


११ मार्च, मद्रास

मुलाखत झाली. हॉटेलच्या खोलीत तिकडचा साहेब बसला होता. फिकट, सर्दी झालेला, माणूस सभ्य. आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. कनकाला बिस्कीट दिलं.

पहिली वीस मिनिटं माझी होती. आटे कसे पाडतोस, कुठली हत्यारं स्वतः बनवतोस, ड्रॉइंग वाच. मी माझ्या हाताचा एक बुश, शाफ्टवर बसणारी धातूची नळी, बरोबर नेला होता. त्यानं मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला आणि हसला. म्हणाला, आमच्याकडे अशा माणसांची फार गरज आहे. मी जयाकडे पाहिलं. तिला इंग्रजी कळत नाही, पण तोंडावरचं कळतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

मग त्यानं नातेवाइकांचं पान काढलं. म्हणाला, मिस्टर राव, तुमच्या टायपिस्टनं एक चूक केली आहे. तुमच्या पत्नीचं नाव भाचीच्या जागीही पडलंय.

मी म्हटलं, टायपिस्टची चूक नाही, साहेब. प्रत्येक अक्षर मी तपासलंय. ही माझ्या बहिणीचीच मुलगी.

त्यानं विचारलं, सख्खी बहीण? मी सांगितलं, एकाच आईची, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, मला तिनंच वाढवलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. जयाकडे पाहिलं, कनकाकडे पाहिलं. मग मला म्हणाला, तुमच्या पत्नीला विचारा, हे लग्न तिच्या मर्जीनं झालं का?

मी विचारलं. जया म्हणाली, "असलं काय विचारतो हा? त्याला मण, दुसऱ्या कुणी मला इतकं चोखोट सांभाळलं नसतं. लहानपणी माझी वेणीसुद्धा मामानंच घातली." मी एवढंच भाषांतर केलं की, हो, मर्जीनं. त्यानं थँक्यू म्हटलं. उठताना हात मात्र त्यानं माझ्या हातात जरा उशिरा दिला. सर्दीचा माणूस, दमला असावा.

आम्ही समुद्रावर गेलो. कनकानं लाट पाहून हात असे काही फिरवले की जया हसून वाळूत बसली. आजच्या दिवशी मी तिचे हात धरले नाहीत.


२ एप्रिल

पत्र नाही. वर्कशॉपात एक शाफ्ट चार हजारांश जास्त कापला गेला. असं माझ्या हातून अकरा वर्षांत झालं नव्हतं.


१९ एप्रिल

पत्र आलं. सात वेळा वाचलं. आता ते शब्द पाठ आहेत, तरी समजुतीप्रमाणे इथे उतरवतो.

माझी पात्रता त्यांना मान्य आहे. गुण पुरेसे आहेत. पण जिला मी पत्नी म्हणून दाखवलं आहे, तिच्याशी माझं नातं त्यांच्या कायद्यानं लग्नाला वर्ज्य आहे. बहिणीच्या मुलीशी झालेलं लग्न ते लग्न धरत नाहीत. तेव्हा तिला पत्नी म्हणून येता येणार नाही. मी कायद्यानं अविवाहित असल्याचा न्यायालयाचा कागद दिला तर माझा अर्ज पुढे जाईल, आणि मूल माझ्यासोबत येऊ शकेल. त्यासाठी कनकाच्या कानांची तपासणी बारा जूनला मद्रासच्या इस्पितळात. हजर न राहिल्यास फाइल बंद.

जयानं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तपासणीची तारीख दिली आहे. ते खोटं नव्हतं.


२० एप्रिल

मी सगळं खरं लिहिलं म्हणून हे झालं. एक रकाना मोकळा सोडला असता तर?


२८ एप्रिल

जयाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बायको नाही, मणतात ते?"

"तिकडे नाही. इथे आहेस."

"आणि कनका?"

"कनका माझी मुलगी, दोन्हीकडे."

"मग चोखोट आहे," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. रात्रीचं जेवण तिनं नेहमीसारखं वाढलं. मला राग आला. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.


४ मे

बाळकृष्णराव वकिलांकडे गेलो. ते आमच्यातलेच, त्यांची आजीही तिच्या मामालाच दिलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समजावून सांगितलं. नव्या हिंदू विवाह कायद्यातही मामा आणि भाची वर्ज्यच आहेत. फक्त ज्या समाजात तशी चाल आहे, त्यांना सूट. तुमचं लग्न त्या चालीवर उभं आहे. तेव्हा तुम्हा दोघांनी शपथेवर सांगायचं की आमच्या घराण्यात, आमच्या समाजात अशी चाल नाही आणि कधी नव्हती. विरोध करणारं कुणी नसलं तर कोर्ट लग्न रद्द ठरवेल. मुलीच्या हक्काला कायद्यानं बाध येत नाही.

मी म्हटलं, पण चाल तर आहे.

ते म्हणाले, तुळजाराम, तुला कॅनडा हवाय की खरं?

मी म्हटलं, मला कनका बोलायला हवी आहे. ते म्हणाले, मग सही कर. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचीही सही लागेल, असं त्यांनी पुढे सांगितलं. वडीलधारं म्हणजे अक्काच.


१२ मे

अक्का पापनाशमहून आली. जयाची आई, माझी बहीण. आल्याबरोबर तिनं कनकाला मांडीवर घेतलं, तिच्या कानांवरून हात फिरवला आणि रडायला लागली. इतकी वर्षं ती असंच करते. मी म्हटलं, अक्का, रडून ऐकू येणार आहे का? ती म्हणाली, "तुला कळणार नाही रे. मीच तुझ्यापुढे पदर पसरला होता, माझी पोर घे मणून. डॉक्टरनं विचारलं तेम्माच मला कळलं." मी विचारलं, काय कळलं? तिनं सांगितलं नाही. जया स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि अक्काच्या हातात कॉफीचा पेला देऊन एवढंच म्हणाली, "आई, पुरे."

मला काय कळायचं राहिलं आहे त्याचा विचार मी दुपारी लेथपाशी करायला लागलो होतो. मग थांबवला. ते मी इथे लिहिणार नाही.

संध्याकाळी वकिलांचा कारकून मसुदा घेऊन आला आणि तमिळमध्ये वाचून दाखवू लागला. आमच्या घराण्यात बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची चाल नाही. असं लग्न आम्ही लग्न मानत नाही. अक्का खांबाला टेकून ऐकत होती. तिचं लग्नही आमच्या धाकट्या मामाशीच झालेलं. एकोणीस वर्षं संसार, वेंकटराव मामाचा फोटो अजून तिच्या देवघरात.

ती म्हणाली, "मग मी कोण होतें रे?"

कारकुनानं वाचणं थांबवलं. मी म्हटलं, हे फक्त कागदावर, अक्का.

"कळलं मला. लिहूं दे. त्यांना जाऊन आठ वर्षं झालीं. मी आतां कुणाची बायको राहिलें आहे, मला कसली भीती?" तिनं पेन मागितलं. तिला सही येते, तरी तिनं अंगठाच दिला. जयानं तमिळमध्ये सही केली, व्यवस्थित, शाळेत गिरवल्यासारखी. मी केली. सुनावणी चोवीस जूनला. कोर्टाचा कागद मिळेपर्यंत साहेब थांबतील, पण बारा जूनची तपासणी चुकवायची नाही असं त्यांनी पुन्हा कळवलं आहे.


१६ मे

वकील म्हणाले, अर्ज दाखल झाल्यावर दोघं एका छपराखाली राहू नका, उलट प्रश्न येतात. जया आज अक्काबरोबर पापनाशमला गेली. कनका माझ्याकडे राहिली, कारण कागदांप्रमाणे ती माझ्याच ताब्यात आहे असं दिसलं पाहिजे.

बसस्टँडवर जयानं कनकाला समोर बसवून बराच वेळ हातांनी सांगितलं. कनका मान हलवत होती, मध्येच उलट विचारत होती. मी बाजूला उभा होतो. दोघींचं काय ठरलं ते मला विचारावंसं वाटलं, पण मीच ते चाळे बंद केले होते, तेव्हा कुठल्या तोंडानं विचारू?

बस सुटताना जया खिडकीतून म्हणाली, "मामा, तिला ताक लागतं दुपारी." एवढंच.


२१ मे

तिला ताक दिलं. प्याली नाही. दूध दिलं, नाही. मग तिनं जमिनीवर बसून हातांनी भलंमोठं काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, तोंडानं सांग. तिनं तोंड उघडलं, आ केला, बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. शेजारच्या सरोजाबाई दिवसा तिला सांभाळतात. त्या म्हणतात, पोर गुणी आहे, त्रास देत नाही. पहिल्यांदाच कुणी असं म्हटलं. ती फार त्रास देणारी मुलगी होती.


३० मे

गुरुमूर्तीचं पत्र. शाळेच्या बाईंशी बोललो आहे, जागा आहे, सप्टेंबरात आण. बरोबर एक फोटो. सात-आठ मुलं कानांना तारा लावून आरशासमोर बसली आहेत आणि तोंड उघडून काहीतरी म्हणत आहेत. मी तो फोटो कनकाला दाखवला. तिनं मुलं मोजली, बोटानं. मग मागे पुढे शोधलं आणि माझ्याकडे पाहून डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं. हे मात्र मला कळलं. आई कुठे आहे, असं ती विचारत होती.

मी फोटो परत पाकिटात घातला.


४ जून

वर्कशॉपात मालकांनी बोलावून विचारलं, तुला बरं नाही का? मी म्हटलं, ठणठणीत आहे. त्यांनी सही केलेला अनुभवाचा दाखला दिला. त्यात लिहिलंय, असा कारागीर तंजावूर जिल्ह्यात दुसरा नाही. मागच्या वर्षी हे वाचून मी आठवडाभर उड्या मारल्या असत्या.

आज मनात आलं की जयाला नेताच येणार नाही, मग कनका मोठी होऊन बोलायला लागल्यावर पहिला प्रश्न काय विचारेल? आणि मी कुठल्या भाषेत उत्तर देईन? मग दुसरं मनात आलं. मी नेलं नाही आणि ती मुकी राहिली, तर तो प्रश्न ती विचारूही शकणार नाही. दोन्हीकडून कापला जातो मी. देवा, कुणीतरी मला नुसतं सांगा, काय करू ते. मी करतो.


९ जून

परवा निघायचं. सकाळच्या गाडीनं, म्हणजे संध्याकाळी मद्रासचं एग्मोर स्टेशन, एक रात्र मुक्काम, बारा तारखेला दहाला इस्पितळ. अक्काला निरोप पाठवला की गाडी पापनाशमवरून जाईल, पण स्टेशनवर कुणी येऊ नका. कनका जयाला पाहून माझ्याबरोबर पुढे येणार नाही.


११ जून, पापनाशम

गाडी गेली. माझी पिशवी गाडीतच राहिली. त्यात साहेबांची दोन्ही पत्रं, अनुभवाचा दाखला आणि कनकाच्या जन्माचा कागद. स्टेशनमास्तरांनी कुंभकोणमला कळवलं आहे. मिळेल किंवा मिळणार नाही. उद्या दहा वाजता मद्रासला आमचं नाव पुकारतील आणि फाइल बंद होईल. जुलैत ती सहा वर्षांची होईल. माझी मुलगी बहुधा कधीच बोलणार नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. अक्षर नीट आलंय.

अक्काच्या ओट्यावर बसून लिहितोय. घडलं तसं लिहितो.

सकाळी तंजावूर सोडल्यापासून कनका मला काहीतरी विचारत होती. हात डोळ्याखाली लावायची, मग माझ्याकडे बोट, मग दोन्ही तळवे उलटे. मी पाणी दिलं. ढकललं. इडली पुढे केली, ढकलली. खिडकीची जागा दिली, ती तिला आधीच होती. तिनं पुन्हा तेच केलं, या वेळी सावकाश, एखाद्या मंदबुद्धीला समजावावं तसं. मी मान हलवली. कळत नाही. तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि पुन्हा तेच. मग ती रडायला लागली. तिच्या रडण्याचा आवाज मोठा असतो, तिला तो ऐकू येत नाही ना. डबाभर माणसं बघत होती.

समोरच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं, पाप्पाला, म्हणजे पोरीला, काय हवंय?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"बापच ना तुम्ही?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी हो म्हटलं आणि ते बोलताना मला लाज वाटली.

तेवढ्यात पापनाशम आलं. मी बाहेर बघणार नव्हतो. पण फलाटाच्या टोकाला, नळामागे, जया उभी होती. लपून. निळ्या लुगड्याचा काठ दिसत होता. कनकाला ती दिसली नव्हती, ती माझ्याकडेच तोंड करून रडत होती. आणि मला एकच गोष्ट सुचली, की ही एक व्यक्ती आहे जिला माहीत असेल. मला फक्त विचारायचं होतं. शपथ घेऊन सांगतो, विचारून पुन्हा चढायचं होतं. म्हणून पिशवी जागेवरच ठेवली. कनकाला उचललं, उतरलो आणि धावलो.

जया घाबरून मागे सरली. "मामा, कां उतरलात? गाडी उभी नाही राहायची!"

"ही काय विचारते? तासभर विचारतेय. सांग लवकर."

आईला पाहून कनका रडायची थांबली. माझ्या कडेवरूनच तिनं हात हलवले. डोळ्याखाली, माझ्याकडे, तळवे उलटे. जयानं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गार्डनं शिट्टी दिली.

"सांग की!"

"ती विचारते, अप्पा रोज रात्री रडतात, त्यांना कुठे दुखतं?"

मला वाटत होतं, मी रडतो ते घरात कुणाला कळत नाही. ऐकू तर कुणालाच येत नव्हतं. सव्वीस दिवस ती पोर माझ्या शेजारी जागी पडून बघत होती आणि सकाळी उठून ताकाच्या पेल्यापाशी मला तेच विचारत होती. आणि मी म्हणत होतो, तोंडानं सांग.

गाडी हलली. जया ओरडली, "मामा, पिशवी! धांवा!" मी धावलो नाही. पाय उचललेच नाहीत, असंच लिहायला हवं, कारण त्या क्षणी मी काही ठरवलं होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. डबे एकेक करून गेले. समोरच्या बाई खिडकीतून हात करून काही सांगत होत्या.

फलाट रिकामा झाल्यावर मी कनकाला खाली ठेवलं. ती अजून उत्तराची वाट बघत होती. मी जयाला विचारलं, कुठेच दुखत नाही, हे हातांनी कसं सांगायचं?

जया म्हणाली, "तिला खोटं शिकवूं मी? अस्कि, सगळंच खोटं त्या कागदावर लिहून झालं. आतां खरं तें सांगा."

परवा वकिलांकडे जाऊन सांगायचं आहे की आमच्यात चाल आहे, होती, अर्ज मागे घ्या. ते ओरडतील. गुरुमूर्तीला काय लिहू हे मला अजून सुचत नाही, त्या फोटोतल्या आरशापुढची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. ते सगळं पुढचं. तिथे, त्या नळापाशी, मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून मी गुडघ्यांवर बसलो, डोळ्याखाली हात लावला आणि मग जयाकडे बोट दाखवलं.

कनकाला लगेच कळलं.